तीन नंबरचा रॉड

दिवाळी झाली की आमच्या तिसगावात गॅरेजवाल्याला माशा मारत बसावं लागतं. ट्रक, ट्रॅक्टर, जुगाडं, सगळी ऊस वाहायला कारखान्यांच्या वाटेला लागलेली असतात आणि त्यांच्याबरोबर कोयते घेऊन निम्मी गावंही. ज्यांची इंजिनं उघडायची ती आम्ही दसऱ्याच्या आत बांधून दिलेली असतात. अशाच एका रिकाम्या सकाळी, गेल्या नोव्हेंबरात, एक टेम्पो आमच्या दारात येऊन थांबला. मागे ताडपत्रीखाली काहीतरी बुटकं, लांबट झाकलेलं होतं.

मी दिपाली. गॅरेज माझ्या वडिलांचं, पण आठ वर्षांपासून पाना माझ्या हातात आहे. आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलं तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी होते. आता चाळिशी जवळ आली, तरी नवा ड्रायव्हर आला की आधी विचारतोच, "मिस्तरी कुठंय?" मिस्तरी म्हणजे त्याच्या मते माझे वडील, बिभीषण मिस्तरी. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय सहासष्ट. दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात, त्यामुळे कामाला हात लावत नाहीत, पण सकाळी नऊला गॅरेजवर हजर असतात.

टेम्पोतून माझ्यापेक्षा थोडी लहान अशी एक बाई उतरली. तिनंच ताडपत्रीची दोरी सोडली. आत दोन सीटची विलायती गाडी होती. मूळचा लाल रंग उडून विटकरी झालेला, वर टप नाही, पुढचा डावा पत्रा आत चेपलेला.

अण्णा उठून उभे राहिले. गाडीजवळ मात्र गेले नाहीत.

"मी राजेश्वरी," बाई म्हणाली. "काकासाहेबांची मुलगी. नगरला कॉलेजात शिकवते. इंजिन जाम आहे. मला गाडी पुन्हा चालू करायची आहे. पप्पा म्हणाले, उघडायचं तर बिभीषण मिस्तरींसमोरच उघडायचं. आणि मी तिथं थांबायचं."

"का?" मी विचारलं.

"ते नाही सांगितलं त्यांनी."

मी उगाच विचारलं. कारण काय ते आमच्या भागात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात काकासाहेब ही गाडी घेऊन करंजी घाट उतरत होते. तेव्हा त्यांचं वय सव्वीस. वडील आबासाहेब, चार ट्रकचे मालक. मुलाच्या हट्टापायी त्यांनी पुण्याच्या एका पारशी गृहस्थाकडून ही जुनी एमजी आणली होती आणि ती अजून जोरात पळावी म्हणून अण्णांनी तिचं इंजिन आतून पार बदलून टाकलं होतं. घाटात एका वळणावर गाडी एकाएकी आडवी झाली आणि कठड्यावर आदळली. काकासाहेबांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर आल्यापासून ते एकच सांगत राहिले : "मागची चाकं एकदम धरली. मी ब्रेकला पाय लावला नव्हता."

आबासाहेबांनी अण्णांना बोलावून दहा माणसांसमोर विचारलं, इंजिनात काही दोष होता का? अण्णांनी हँडल मारून पाहिलं. इंजिन फिरेना. ते म्हणाले, "धडकेनं जाम झालंय. माझ्या कामात खोट न्हाई."

मग उरलं काय? पोरगा प्यायला होता. हे पहिल्यांदा कोण म्हणालं ते कुणालाच सांगता येत नाही, पण महिन्याभरात साऱ्या तालुक्याला ते पाठ झालं होतं. आबासाहेबांनी ट्रकचा कारभार पुतण्याकडे सोपवला आणि गाडी गोठ्यामागच्या शेडमध्ये ढकलून दिली. काकासाहेब आणि अण्णा त्यानंतर एकमेकांशी बोलले नाहीत. बाजारात समोरासमोर यायची वेळ आली तर अण्णा वाट बदलायचे. आमच्या घरात हा विषय निघत नसे. मी लहानपणी एकदाच विचारलं होतं, तेव्हा अण्णा म्हणाले होते, "मोठ्या घरची पोरं. फुडं काय हाय ते बघत न्हाईत." मी तेच खरं धरून चालले होते.

आता ती गाडी आमच्या दारात उभी होती.

"उतरवा," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दिपे, मी सांगन तसं करायचं. घाई करायची न्हाई."

राजेश्वरीनं कॉलेजातून आठवड्याची रजा काढली होती. ती रोज सकाळी आपल्या गाडीनं नगरहून यायची. पहिल्याच दिवशी तिनं येताना प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा आणि मार्कर आणला. मी बोल्ट काढला की ती पुसायची, पिशवीत टाकायची आणि वर लिहायची : "हेड, डावी बाजू, पुढून दुसरा." मी म्हटलं, एवढं कशाला, माझ्या लक्षात राहतं. ती म्हणाली, "माझ्या नाही राहत."

दुपारपर्यंत इंजिन साखळीच्या कप्पीला लटकत होतं. संध्याकाळी ते स्टँडवर बसवलं आणि बाहेरचं सामान काढलं. दोन कार्बोरेटर, सायलेन्सरचे पाइप, पुढची चेन. अण्णा हळूहळू जवळ सरकत आले. दिवसभर फारसं न बोललेला माणूस एकदम बोलायला लागला.

"ह्यो ब्लॉक, म्हंजी इंजिनाचं अंग, ॲम्बॅसेडरचा हाय, ताई," ते राजेश्वरीला म्हणाले. "मूळचा पारशाकडंच चिरला हुता. पर दोन्ही गाड्यांची आई एकच, विलायतेतली. बोल्टाला बोल्ट बसतो."

"मग वेग कसा वाढवला?"

"ते आत हाय."

आत जायला दुसरा दिवस लागला. हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, नट इतके गंजले होते की डिझेल सोडून, गरम करून, ठोकून एकेक सोडवावा लागला. हेड उचललं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. पिस्टन मूळचे नव्हतेच. कुठल्यातरी मोठ्या गाडीचे पिस्टन लेथवर उतरवून बसवलेले, माथे थोडे फुगीर ठेवलेले. हेड घासून पातळ केलेलं. व्हॉल्व्हची भोकं हातानं मोठी करून आरशासारखी गुळगुळीत केलेली. व्हॉल्व्ह उघडझाप करणारी कॅमशाफ्ट काढली तर तिच्या प्रत्येक उंचवट्यावर वेल्डिंगचा थर चढवून तो कानशीनं घासून आकाराला आणलेला. आठही उंचवटे मी मापून पाहिले. आठही सारखे.

"हे कानशीनं केलं?" मी विचारलं.

"एकवीस दिवस लागले," अण्णा म्हणाले. "नगरच्या रद्दीतून इंग्रजी पुस्तक आनलं हुतं. वाचता कुठं येत हुतं? चित्रं बघून केलं."

मी पंधरा-सोळा वर्षं इंजिनं उघडते आहे. दोन वर्षं एमआयडीसीत मोठ्या मशिनींवर काढली आहेत. असं काम मी कुणाच्या हातचं पाहिलेलं नव्हतं, आणि ज्या माणसाच्या हातचं ते होतं त्यांनी अडतीस वर्षांत त्याचा एका शब्दानं उल्लेख केला नव्हता. त्यांचा अभिमान वाटला आणि थोडा रागही आला. मला हे शिकवलं का नाही?

राजेश्वरी वाकून पिस्टन बघत होती. "हा तिसरा थोडा तिरका आहे का?"

होता. केसभर, पण होता. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनीही तो पाहिला होता. त्या दिवशी ते चहासुद्धा न घेता पाचलाच घरी निघून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी इंजिन स्टँडवर उलटं केलं. आता चेंबर काढायचा होता, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी. तो काढला की सगळं उघडं पडतं. शेवटचा बोल्ट पिशवीत टाकून राजेश्वरी म्हणाली, "थांबा, मी चहा सांगून येते," आणि समोरच्या टपरीवर गेली. मी थांबले नाही. पॅकिंगमध्ये पातळ पत्रा घालून चेंबर सोडवला.

तळाशी अडतीस वर्षांचं ऑइल काकवीसारखं घट्ट होऊन बसलं होतं. वर पाहिलं तर तीन नंबरचा रॉड वाकडा होऊन ब्लॉकच्या भिंतीला टेकला होता आणि तिथं भिंतीला आतून चीर गेली होती. रॉड म्हणजे पिस्टनला खालच्या फिरत्या क्रँकशी जोडणारा दांडा. त्याची खालची टोपी दोन बोल्टांनी क्रँकला धरून ठेवते. इथं टोपी जागेवर नव्हती. दोनपैकी एक बोल्ट मधोमध तुटला होता. त्याचं अर्धं अंग अजून रॉडमध्येच होतं. दुसऱ्या बोल्टची जागा रिकामी होती.

मी चेंबरच्या काकवीत हात घातला. टोपी लागली, मग दुसरा बोल्ट लागला. पुसला. अख्खा होता. आटे नव्यासारखे.

तुटलेल्या बोल्टमध्ये आणि सुटलेल्या बोल्टमध्ये फरक असतो. तुटलेल्याचं अंग ओरबाडलेलं असतं. सुटलेला आपला आपण फिरत फिरत बाहेर येतो आणि त्याचे आटे शाबूत राहतात. म्हणजे हा आधी सैल झाला, निघाला, सगळा भार दुसऱ्यावर आला आणि तो तुटला. टोपी उडाली, रॉड अडकला, इंजिन जागच्या जागी थांबलं. इंजिन थांबलं की मागची चाकं थांबणार. काकासाहेब सांगत होते तसंच.

बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्याखाली पातळ पत्र्याची पट्टी बसवतात. तिचे कान बोल्ट आवळल्यावर ठोकून डोक्यावर वाकवायचे, मग बोल्ट फिरत नाही. एक, दोन आणि चार नंबरच्या पट्ट्यांचे कान नीट वाकवलेले होते. तीन नंबरची पट्टी मला टोपीखाली सापडली. तिचे दोन्ही कान सरळ होते. वाकवून पुन्हा सरळ झाले असते तर पत्र्यावर घडीची रेघ दिसली असती. रेघ नव्हती. ते कधी वाकवलेच नव्हते.

अण्णा माझ्या मागे उभे होते. मी वळले नाही.

समोरून राजेश्वरी तीन ग्लास सांभाळत रस्ता ओलांडताना दिसली. मी पट्टी ॲप्रनच्या खिशात टाकली. विचार केला असं म्हणता येणार नाही, हात गेला.

"काय निघालं?" तिनं विचारलं.

"तीन नंबरचं बेअरिंग गेलंय," मी म्हणाले. "ऑइल कमी पडलं असेल. इतक्या वर्षांनी नक्की काही सांगता येत नाही, ताई."

हे वाक्य मी कितीतरी गिऱ्हाइकांना सांगितलं आहे, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. तिनं मान हलवली. तिचा चेहरा पडला. चहाचा ग्लास तिनं अण्णांसमोर धरला.

अण्णांनी तो घेतला नाही. "दिपे, खिशातलं काढ."

"अण्णा..."

"काढ म्हनलं ना."

मी काढली. अण्णांनी बाकावरची फडकी बाजूला सारली. तीन नंबरची पट्टी मध्ये ठेवली, शेजारी तो अख्खा बोल्ट. मग मला दोन नंबरची पट्टी सोडवायला लावली आणि तीही शेजारी ठेवली. हात थरथरत होते, त्यामुळे हे सगळं व्हायला वेळ लागला.  नंतर त्यांनी राजेश्वरीला सगळं समजावून सांगितलं. बोल्ट काय करतो, पट्टी काय करते, कान न वाकवल्यावर काय होतं. एकदा सांगून झाल्यावर पुन्हा विचारलं, "कळलं का?"

"कळलं," ती म्हणाली.

"हे इंजिन मी बांधलं. माझ्याशिवाय कुनी हात लावला न्हाई. तुमचे पप्पा खरं बोलत हुते."

राजेश्वरी पट्टीकडेच बघत होती. "मिस्तरीकाका, तुम्हाला तेव्हा हे ठाऊक होतं?"

अण्णा बाकाला टेकले. "कान वाकवायचे ऱ्हायलेत हे ठाऊक नव्हतं. आजबी आठवत न्हाई कसे ऱ्हायले. पर आबासाहेबांसमोर हँडल मारलं तवा एक गोष्ट कळली हुती. धडकेनं अडकलेलं इंजिन इकडं-तिकडं थोडं तरी हलतं. हे भिंतीवानी हुतं. आत कायतरी तुटलंय हे मला तवाच कळलं. उघडून बघायला पायजे हुतं. न्हाई बघितलं."

"का?"

"गॅरेज टाकून आठ म्हैने झालं हुतं. हिच्या वेळी हिची आई पोटुशी हुती." ते थांबले. "पर ही कारनं झाली, ताई."

मग ते हात धुवायला मागे नळावर गेले. राजेश्वरीनं मोबाईलवर पट्टीचे फोटो काढले. दोनदा फोटो हलला. तिसऱ्यांदा नीट आला.

"शाळेत माझ्या बाकावर कुणीतरी बाटलीचं चित्र काढायचं," ती म्हणाली. "दर वर्षी नवीन. मला वाटायचं, पप्पांना विचारावं, खरंच प्यायला होतात का. कधी विचारलं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही खिशात का टाकलीत?"

"ते माझे वडील आहेत."

"मलाही वडील आहेत," ती म्हणाली.

मी फडकं घेऊन बाकावरचं ऑइल पुसायला लागले. 

तिनं फोन उचलला, पुन्हा खाली ठेवला. "फोनवर नको. आत्ताच जाऊ."

आम्ही तिच्या गाडीनं निघालो. अण्णा पुढच्या सीटवर, रुमालात बोल्ट आणि पट्टी. काकासाहेबांची वस्ती करंजीच्या अलीकडे, डांबरी सोडून आत. संत्र्याच्या बागेच्या कडेला कापसाची वेचणी चालू होती. काकासाहेब ओट्यावर बाजेवर बसले होते. दुपारी नकली पाय टोचतो म्हणून त्यांनी तो काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. गाडीतून कोण उतरतंय ते पाहून त्यांनी धोतराचा सोगा मांडीवर ओढून घेतला.

"ये बिभीषण," ते म्हणाले. अडतीस वर्षांनंतरचे हे पहिले शब्द.

अण्णा बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं, गॅरेजात सांगितलं तसंच, हँडलच्या गोष्टीसकट. काकासाहेबांनी पट्टी हातात घेतली, उजेडाकडे धरली, नखानं तिचा कान वाकवून पाहिला. पत्रा सहज वाकला.

"एवढंसं?"

"एवढंसंच."

 मग काकासाहेब कुणाकडेच न बघता म्हणाले, "ते वळण मी किती वेळा घेतलं आसंल डोक्यात. इथं क्लच सोडला, इथं गेअर टाकला. वाटायचं, माझंच कायतरी चुकलं. म्हातारपनी तर मलाच शंका यायला लागली. सगळे म्हनतेत तर प्यालो तर नव्हतो?"

राजेश्वरी पायरीवर बसली आणि तिनं तोंडावर ओढणी धरली.

"सांगा, कुनाला सांगू?" अण्णा म्हणाले. "तुमी म्हनाल त्याला सांगतो. चारचौघात सांगतो."

काकासाहेब हसले, पण ते काही चांगलं हसणं नव्हतं. "आबा गेले. आई गेली. त्या दहा मान्सातली आठ गेली. कुनाला सांगतोस?" मग त्यांनी मानेनं अंगणाकडे खूण केली. "आक्काला सांग. मी पाथर्डीहून आलो की अजून म्हनती, जवळ ये, तोंडाचा वास बघू दे."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, कडूबाई. वयानं ऐंशीच्या घरात. नवरा वारल्यावर तरुणपणीच माहेरी परत आली आणि काकासाहेबांचा पाय गेल्यावर तिनंच त्यांचं सगळं केलं. ती अंगणात सुपात बाजरी पाखडत होती. अण्णा तिच्यासमोर जाऊन उकिडवे बसले.

"आक्का, मी बिभीषण. काकासाहेब त्या दिवशी प्याले नव्हते. चूक माझी हुती."

"कोन?" तिनं कानाला हात लावला.

"बिभीषण मिस्तरी. काकासाहेब प्याले नव्हते."

"कोन प्यालं?"

"कुनीच न्हाई!" अण्णा ओरडले. "गाडीचा बोल्ट सुटला हुता! माझी चूक हुती! काकासाहेब प्याले नव्हते!"

कापूस वेचणाऱ्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या. बांधावरून मोटरसायकलवर चाललेल्या एकानं ब्रेक लावला. अण्णा माझ्या माहितीत कधी कुणावर आवाज चढवून बोललेले नाहीत. मान खाली घालून, डोळे मिटून ते तेच तिसऱ्यांदा ओरडले. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण मी थांबले.

कडूबाईचे हात सुपावर थांबले. तिला कळलं होतं.

"मंग अडतीस वरसं तोंडात गुळनी धरून बसला हुतास का रं?" ती म्हणाली.

"व्हय, आक्का."

तिनं मान वळवून भावाकडे पाहिलं. "तू तरी मला नीट सांगायचं."

"सांगितलं हुतं," काकासाहेब ओट्यावरून म्हणाले.

"मला ऐकू येत न्हाई."

"तवा येत हुतं."

 ती सूप तिथंच ठेवून भिंतीला धरून उठली, आत गेली आणि दार लोटून घेतलं.  अण्णांना त्या घरात त्या दिवशी कुणी पाणी विचारलं नाही आणि त्यांनीही मागितलं नाही.

आम्ही निघालो तेव्हा काकासाहेबांनी हाक मारली. "बिभीषण. कॅम शाबूत हाय का?"

"हाय."

"मंग त्योच टाक. ब्लॉक दुसरा बघ." मग म्हणाले, "त्याचा आवाज पुन्यांदा ऐकायचाय. पर बांधायचं तुझ्या पोरीनं. तू हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत," अण्णा म्हणाले.

त्या आठवड्यात बाजारच्या दिवशी अण्णांनी टपरीवर, आपण होऊन, सगळ्यांना सांगितलं. कुणी म्हणालं, मिस्तरी खरा माणूस. कुणी म्हणालं, आता मेलेली मढी कशाला उकरता? एकानं तर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बोल्ट सुटला आसंल, पर थोडी घेतलीबी आसंल." दोन ट्रॅक्टरवाले आमच्याकडून पाथर्डीच्या गॅरेजात गेले. त्यांतला एक परत आला, एक नाही आला. अण्णा पंधरा दिवस घराबाहेर पडले नाहीत. सोळाव्या दिवशी नऊ वाजता गॅरेजवर आले आणि मला म्हणाले, "ब्लॉक मिळाला का?"

मिळाला होता, नगरच्या भंगारात, एका जुन्या टॅक्सीचा. क्रँक एमआयडीसीत ग्राइंडिंगला टाकली. रॉड चारही नवे घातले. जानेवारीभर मी ते इंजिन बांधत होते. राजेश्वरी दर रविवारी येऊन तिच्या पिशव्या उघडायची आणि एकेक वस्तू माझ्या हातात द्यायची. आमचं बोलणं कामापुरतं होई. नंतर नंतर थोडं जास्त होऊ लागलं. अण्णा बाजूला बसून असायचे. विचारलं तर सांगायचे, न विचारता काही नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात इंजिन गाडीत बसलं. पत्रा अजून चेपलेलाच होता, तो नंतर करायचा होता. चालू करायच्या दिवशी काकासाहेब जीपमधून आले. गाडीत बसणार नाही, चालवणारही नाही, चालवायची ती पोरगी चालवील, असं त्यांनी उतरताच सांगून टाकलं. अण्णांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढं केली आणि स्वतः उभे राहिले.

पहिल्या दोन वेळा इंजिन नुसतं फिरलं. तिसऱ्यांदा धरलं. त्या कॅमचा आवाज साध्या गाडीसारखा एकसुरी येत नाही. सावकाश चालताना इंजिन ढबढब करतं, थांबेल असं वाटतं आणि थांबत नाही. थोडं दाबलं की एकदम मोकळं होऊन गर्जायला लागतं. राजेश्वरीनं दाबलं. समोरच्या टपरीवरची माणसं बाहेर आली. काकासाहेब डोळे मिटून, हनुवटी काठीवर टेकवून ऐकत होते. अण्णाही ऐकत होते.

"दोन नंबरचा टॅपेट वाजतोय," काकासाहेब डोळे न उघडता म्हणाले.

"व्हय," अण्णा म्हणाले. "वाजतोय."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी राजेश्वरीला इंजिन बंद करायला सांगितलं.

"गार झाल्याशिवाय टॅपेटच्या फटीचं माप घेता येणार नाही," मी म्हणाले. "तासभर तरी जाईल."

"जाऊ दे की," काकासाहेब म्हणाले. "बिभीषण, बस. किती वेळ उभा ऱ्हातोस?"

अण्णांनी आतून दुसरी खुर्ची आणली.